खोडलेली तपासणी

माझं घर साताऱ्यात आणि नोकरी सांगलीत. सोमवारी सकाळच्या एसटीने यायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत जायचं, असं बरीच वर्षं चाललं. कारखान्यांत माणसं सुरक्षित आहेत की नाहीत हे बघणाऱ्या एका सरकारी ऑफिसात मी निरीक्षक होतो. तासगाव, पलूस, मिरज या बाजूची बेदाण्याची कोल्ड स्टोरेज माझ्याकडे होती. द्राक्षं सुकवून केलेला बेदाणा वर्षभर टिकावा म्हणून थंड खोल्यांत ठेवतात, आणि त्या खोल्या थंड ठेवायला पाइपांतून अमोनिया फिरवतात. गॅस आपलं काम चोख करतो. पण पाइपातून बाहेर आला, तर डोळे आणि छाती जाळतो. माझी नोकरी मुख्यतः तो आत राहतोय ना, एवढं बघायची होती. प्रत्यक्षात माझा बहुतेक वेळ कागदांत जायचा.

तासगावच्या अलीकडे एका म्हाताऱ्या बागायतदाराने भावांना बरोबर घेऊन एक स्टोरेज बांधलं होतं. सरळ माणूस. धोतर, टोपी, आणि काखेत कायम एक फुगलेली फाइल. परवान्याच्या नूतनीकरणासाठी तो ऑफिसात एवढ्या वेळा आला, की आमच्या शिपायाने त्याच्यासाठी दाराजवळची एक खुर्चीच ठरवून टाकली होती. एकदा त्याचा अर्ज मी स्वतः परत पाठवला. कारण थुंकदाण्यांचा तपशील नव्हता. कामगारांसाठी थुंकदाण्या ठेवाव्यात असा एक जुना नियम होता आणि त्यांची संख्या एका नमुन्यात भरावी लागे. म्हातारा पुढच्या आठवड्यात आला.

"सायेब, चार आणल्यात. बिल जोडलंय."

मी बिल बघितलं आणि म्हणालो, "यावर आकार लिहिलेला नाही."

हे मी बोललो होतो. आज लिहितानाही लाज वाटते. पुढे तपासणीला गेलो तेव्हा त्या चारपैकी एकीत तिथल्या कामगार बायकांनी कोरफड लावली होती आणि उरलेल्या तीन भिंतीशी पालथ्या पडल्या होत्या.

पण थुंकदाण्यांचं सोडा. त्याच म्हाताऱ्याने गॅस सुटला की भोंगा वाजवणारं यंत्र विकत आणलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, त्याने मनानेच आणलं. ते बसवायचं आणि मशीनच्या खोलीलगतच्या हॉलला, जिथे बायका बेदाणा निवडत बसायच्या, मागून एक दार पाडायचं असं त्याच्या मनात होतं. पण इमारतीत बदल म्हणजे नकाशाला मंजुरी घेणं आलं. नकाशा आमच्याकडून वर गेला. वरून परत आला, मापं फुटांत आहेत म्हणून. दुरुस्त करून गेला, पुन्हा आला, रंग नियमाप्रमाणे नाहीत म्हणून. मग सही करणारा साहेब बदलला आणि नव्या साहेबाने फाइल पहिल्यापासून मागवली. असं वर्ष उलटून गेलं.

एका दुपारी म्हातारा माझ्या टेबलासमोर बसला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सायेब, माणसं वाचावीत म्हणून यंत्र आणलं. ते अजून खोक्यातच हाय. तुमीच सांगा आता, खोकं उघडू का नको?"

त्या आठवड्यात मी साताऱ्याला गेलोच नाही. भाड्याच्या खोलीत बसून आमच्या सगळ्या नमुन्यांवर एक लांब टिपणी लिहिली. कुठला कागद कशासाठी मागतो, तो कुणी वाचतो का, त्याने एक तरी माणूस वाचतो का, हे एकेक करून लिहिलं. भिंतींना चुना कधी दिला याचं रजिस्टर कुणी वाचत नाही, हे लिहिलं. एकच माहिती पाच ठिकाणी भरून घेतो, हेही लिहिलं. दाबाखालच्या टाक्या आणि व्हॉल्व्ह दर वर्षी बाहेरच्या मान्यताप्राप्त परीक्षकाकडून तपासून घ्यायचे असत. त्याबद्दल लिहिलं की काही परीक्षक जागेवर न जाता घरी बसून दाखल्यावर सह्या करतात. त्यांना चाप लावा, असं मला म्हणायचं होतं. ते वाक्य पुढे माझ्याच गळ्यात आलं.

टिपणी वर पाठवली आणि विसरून गेलो. आमच्या टिपण्यांचं काय होतं हे ठाऊक होतं. पण या वेळी काळ वेगळा होता. कागद कमी करा, उद्योगांचा जाच थांबवा, असं सगळीकडून ऐकू येत होतं. काही महिन्यांनी मला साताऱ्याला एका बैठकीचं बोलावणं आलं. एक तरुण बाई अधिकारी अध्यक्ष होत्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. त्यांच्यासमोर माझी टिपणी होती आणि तिच्या पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. मला भरून आलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेलं कुणी वाचलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्यांच्याबद्दल वाकडं लिहायचं माझ्या मनात नाही. त्या प्रामाणिक होत्या, अभ्यास करून आल्या होत्या, आणि अर्जदाराला हेलपाटे घालायला लावणाऱ्यांची त्यांना मनापासून चीड होती. आमच्याच ऑफिसात तपासणीला जाऊन बेदाण्याच्या पेट्या गाडीत टाकून आणणारी माणसं होती, हे त्यांना माहीत होतं. मलाही होतं.

सकाळभर आम्ही एकेक नमुना घेत होतो आणि खोडत होतो. चुन्याचं रजिस्टर गेलं. थुंकदाण्या गेल्या. पाच ठिकाणची माहिती एका ठिकाणी आली. नकाशातले छोटे बदल जिल्ह्यातच आणि ठरलेल्या दिवसांत मंजूर व्हावेत, असं ठरलं. कामगारांच्या तीन-चार हजेऱ्या एकत्र करून एकच ठेवायची, ठेकेदाराची माणसं ठेकेदाराने आपल्याकडे मांडायची, असंही ठरलं. मी उत्साहाने माना डोलावत होतो. दुपारच्या जेवणाला मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या, एवढा खूश होतो.

चारच्या सुमाराला लक्षात आलं की वरून जो आकडा ठरवून दिला होता, तिथे पोचायला अजून तीन नमुने कमी करायला हवेत. यादीत फारसं काही उरलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, परीक्षकाचा वार्षिक दाखला. त्याऐवजी मालकाचीच स्वयंघोषणा घ्यावी. तपासणी केली आहे का, होय किंवा नाही.

मी म्हणालो, "मॅडम, हे नको. बाकीचे नुसते कागद होते. ही तपासणी आहे."

"तपासणी आपण बंद करत नाही आहोत," त्या म्हणाल्या. "मालकाने ती करायचीच आहे. फक्त दाखला आपण मागायचा नाही. माणसांवर कधीतरी विश्वास ठेवायला लागेल ना आपल्याला?" मग त्यांनी माझी टिपणी उघडली. "आणि तुम्हीच लिहिलंय, परीक्षक घरी बसून सह्या करतात. मग त्या दाखल्याचा उपयोग काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला बोलता आलं असतं. दहापैकी चार परीक्षक खोटे असतील, पण उरलेले सहा जातात, मशीन अर्धा दिवस बंद ठेवायला लावतात, गंजलेला व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय सही करत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. खोट्या परीक्षकांना काढा, तपासणी काढू नका, एवढंच म्हणायचं होतं. पण मी दमलो होतो. दिवसभर झालेल्या कौतुकाचं ओझंही होतं. आपण पुन्हा जुन्या चाकोरीतले कारकून दिसू, असं वाटलं. मी म्हणालो, "तसं बघितलं तर बरोबर आहे." आणि तो नमुना खोडला गेला. त्या कागदावर खाली माझीही सही आहे.

पुढचं वर्ष-दीड वर्ष फार चांगलं गेलं, हे कबूल करायला हवं. म्हाताऱ्याच्या नकाशाला नऊ दिवसांत मंजुरी मिळाली. त्याने मागे नवं दार पाडलं, भोंगा बसवला, आणि मला मुद्दाम बोलावून तो वाजवून दाखवला. बेदाणा निवडणाऱ्या बायका कानांवर हात ठेवून हसत होत्या. "आता ह्येस्नी पळायला वाट झाली," म्हातारा म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते. ऑफिसातली दाराजवळची खुर्ची रिकामी राहायला लागली. मला वाटलं, नोकरीत एक तरी काम झालं.

मग म्हातारा गेला. झोपेतच गेला म्हणे. स्टोरेज पुतण्याकडे आलं. पुतण्या तिशीतला, शिकलेला, कामाला वाघ. त्याने दोन खोल्या वाढवल्या, निवडणाऱ्या बायका दुप्पट केल्या, त्या ठेकेदारामार्फत आणायला लागला. आम्ही मात्र आता मनाने कुठे जाऊ शकत नव्हतो. कुठल्या ठिकाणी तपासणीला जायचं हे कॉम्प्युटर ठरवायचा, म्हणजे निरीक्षकाने कुणाला त्रास देऊ नये. त्याच्या स्टोरेजचं नाव चार वर्षांत एकदाही आलं नाही.

चौथ्या वर्षी मी एका लग्नाहून परत येताना त्या रस्त्याने आलो. स्टोरेजच्या बाजूला गाडी हळू केली आणि वास आला. अगदी थोडा, पण तो वास माझ्या नाकात मुरलेला होता. मी गेटपाशी थांबलो. आत जायला माझ्याकडे आदेश नव्हता. विनाआदेश गेलेल्या एका सहकाऱ्याची चौकशी लागली होती. मी पुतण्याला फोन केला.

"व्हॉल्व्ह कधी तपासून घेतलेत?"

"आवं सायेब, भरलंय की समदं ऑनलाईन. मागच्या म्हयन्यातच भरलं."

"भरलं नाही विचारत. तपासले कधी?"

"करतो की सायेब. सीझन उरकू द्या, लय गडबड हाय सध्या."

दुसऱ्या दिवशी मी वर पत्र लिहिलं, या ठिकाणी जायची परवानगी द्या म्हणून. उत्तर आलं की सदर युनिट निवड यादीत नाही, आणि लेखी तक्रार असेल तर ती जोडावी. तक्रार कुणाची जोडू? माझ्या नाकाची? मी पत्र फाइलला लावलं. एकदा खासगीत जाऊन बघून यावं, असं दोन-तीनदा मनात आलं. पण गेलो नाही. चौकशीला घाबरलो, हे खरं कारण. बाकीची कारणं मी नंतर शोधली.

सहा आठवड्यांनी सकाळी साडेदहाला फोन आला. मशीनच्या खोलीतला एक व्हॉल्व्ह फुटला होता. हॉलमध्ये तीसेक बायका बेदाणा निवडत होत्या. भोंगा वाजला नाही, कारण तो उगाच वाजतो म्हणून वर्षापूर्वीच त्याची वायर काढून ठेवली होती. बायका पुढच्या दाराने पळाल्या. एक बाई मागच्या दाराशी बसलेली होती. ती तिकडेच धावली. त्या दारासमोर छतापर्यंत क्रेट रचलेले होते. ती वळून परत येईपर्यंत गॅसचा लोट तिच्या तोंडावर आला.

बायकांनीच तिला ओढून बाहेर काढलं आणि प्यायच्या पाण्याचे जार डोळ्यांवर ओतले. त्यामुळे ती जगली, असं डॉक्टर म्हणाले. डोळे मात्र वाचले नाहीत.

आता माझ्याकडे आदेश होता. मी आत गेलो. तोच हॉल, जमिनीवर पांगलेला बेदाणा, त्यावर पायांचे ठसे, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी चपला. फुटलेला व्हॉल्व्ह गंजाने इतका खाल्लेला होता, की परीक्षकाने बोटानेच खरवडून दाखवला असता. मी पुतण्याकडे तपासणीचे दाखले मागितले. त्याने चार वर्षांच्या स्वयंघोषणांच्या छापील प्रती काढून दिल्या. व्हॉल्व्ह तपासले? होय. भोंगा चालू आहे? होय. बाहेर पडायचे मार्ग मोकळे आहेत? होय. चारही वर्षं सगळं होय.

"हे तू वाचून भरलंस?"

तो रडायला लागला. "सायेब, आमच्या अकाउंटंटनं भरलं. समदे तसंच भरत्यात. काका हुतं तवा तुमी यायचा, काका तुमाला भ्यायचं. त्या भ्यानं का हुईना, करायचं. आमाला कोण इचारायलाच आलं न्हाई."

त्याच्या कानाखाली एक द्यावी असं वाटलं आणि त्याच वेळी खाली बघावंसं वाटलं. मी खालीच बघितलं.

खटला दाखल झाला. तो अजून चालू आहे. त्याच्याबद्दल मला जास्त काही लिहायचं नाही.

ती बाई पलूस तालुक्यातली. चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, काटक. नवरा फौजेतून नाईक होऊन निवृत्त झालेला, पण गावात सगळे त्याला मेजर म्हणायचे आणि मीही तेच म्हणायला लागलो. दवाखान्यातून सोडल्यावर तीन आठवड्यांनी तो तिला घेऊन आमच्या ऑफिसात आला. कामावर असताना अपघात झाला, असा दाखला त्यांना हवा होता. त्यावर पुढचे उपचार आणि बाकीचं सगळं अवलंबून होतं. शिपायाने तिला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं.

आमच्या क्लार्कने कागदांची यादी दिली. मी ती यादी हातात घेऊन बघितली आणि माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं, की त्या बैठकीत आम्ही मालकांनी भरायचे कागद कमी केले होते. जखमी माणसाने आणायच्या कागदांची यादी कुणी काढलीच नव्हती. माझ्या टिपणीतही ती नव्हती. ती पूर्वी होती तेवढीच लांब होती.

यादीत पहिलंच होतं, त्या दिवशीच्या हजेरीचा पुरावा. पूर्वी स्टोरेजच्या गेटवर रोजच्या हजेरीचं रजिस्टर असायचं. आम्ही ते एकत्र केलं होतं, ठेकेदाराकडे दिलं होतं. ठेकेदार म्हणाला, ही बाई माझ्या यादीत नाही. त्याच्या यादीत बाराच बायका होत्या. हॉलमध्ये तीस.

"म्हंजी माझी बायको तितं नव्हतीच?" मेजरने विचारलं. आवाज चढवून नाही. कवायतीच्या मैदानावर उभं असल्यासारखा तो ताठ उभा होता.

"तसं नाही मेजर, पण पुरावा—" क्लार्क म्हणाला.

खुर्चीवरून ती बाई म्हणाली, "डोळं दावू का?" आणि तिने काळा चष्मा काढला. क्लार्क उठून बाहेर गेला.

मी बरोबरच्या बायकांचे जबाब घेतले. निम्म्या बायका आल्याच नाहीत, कामावरून काढतील म्हणून. ज्या आल्या त्यांच्या जबाबांवर, मी तीनदा भांडून, पाच महिन्यांनी दाखला निघाला. मग अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं सुरू झालं. एव्हाना मी त्यांच्याबरोबर जायला लागलो होतो. का, असं मेजरने कधी विचारलं नाही.

जिल्ह्याच्या दवाखान्याआधी सेवा केंद्रात ऑनलाईन अर्ज भरायचा होता. छोटी पत्र्याची खोली, पंखा, काउंटरवर एक मुलगी. ती नम्र होती, हे सांगायला पाहिजे. तिने बाईचा अंगठा मशीनवर ठेवला. मशीनने घेतला नाही. सगळी बोटं ठेवून झाली. वर्षानुवर्षं बेदाण्याच्या काड्या काढून, धुऊन-पुसून त्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या.

मुलगी म्हणाली, "काळजी नका करू मावशी, दुसरा पर्याय आहे. डोळ्यांचं स्कॅन घेऊ." आणि यंत्र हातात घेऊन तिने वर बघितलं.

मुलीच्या हातातलं यंत्र तसंच अधांतरी राहिलं. मग ती रडायला लागली. "सॉरी मावशी, सॉरी, पुढचं पान उघडतच नाही त्याशिवाय."

बाईने आवाजाच्या अंदाजाने हात पुढे केला, तो काउंटरवरच्या कागदांना लागला. "आगं पोरी, तू कशाला रडतीस," ती म्हणाली. "तुझ्या हातात हाय व्हय काय?"

बाहेर येऊन मेजर भिंतीला टेकून उभा राहिला. खिशातून रुमाल काढून त्याने चेहरा नाही, बूट पुसले. मग म्हणाला, "युनिटमध्ये पण लय कागद असत्यात, सायेब. मी काय कागदाला भीत न्हाई. पण गडी पडला तर आदी त्याला उचलत्यात हो."

त्या अर्जासाठी आम्ही सहा वेळा गेलो. ती दोघं पलूसहून सांगलीला यायची, एसटीने, दर वेळी एक दिवस. बोटांशिवाय अर्ज घ्यायला वरून परवानगी आली, तेव्हा सहाव्या खेपेला तो भरला गेला.

त्या काळात मी दुसरी टिपणी लिहिली. पहिलीपेक्षा लहान होती. दोनच गोष्टी मागितल्या होत्या. एक, दाबाखालच्या व्हॉल्व्हची बाहेरच्या माणसाकडून होणारी तपासणी परत आणा, हवं तर बाकीचं सगळं राहू द्या. दोन, कामावर जखमी झालेल्या माणसाकडून एकच अर्ज घ्या आणि बाकीचे कागद ऑफिसने ऑफिसकडून मागवावेत. तीन महिन्यांनी उत्तर आलं. पहिली सूचना सुलभीकरणाच्या धोरणाशी विसंगत आहे. दुसरी या विभागाच्या कक्षेत येत नाही.

मी त्या बाई अधिकाऱ्यांना फोन केला. त्या आता बऱ्याच वरच्या जागेवर होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. अपघाताचं त्यांनी वाचलं होतं. मी सगळं सांगितलं, सेवा केंद्राचंही.

मग त्या म्हणाल्या, "मी प्रयत्न करते. पण एकदा कमी झालेला नमुना परत आणणं फार अवघड आहे. आकडा वाढलेला कुणालाच चालत नाही." पुढे म्हणाल्या, "एक विचारू? तुम्हाला हे सगळं माहीत होतं. मला नव्हतं, मी एकाही स्टोरेजच्या आत कधी गेले नव्हते. त्या दिवशी तुम्ही जोर का नाही धरलात?"

मी म्हणालो, "माहीत नाही, मॅडम."

"मीही जोर धरू दिला नसता कदाचित," त्या म्हणाल्या.

त्यांनी प्रयत्न केला असेल. झालं काही नाही. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात एका साहेबांनी जुन्या काळात नमुने कमी करण्यात मी केलेल्या कामाचा उल्लेख केला. टाळ्या वाजल्या. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही काहीच बोलला नाहीत का?" मी बोललो नव्हतो. शाल घेतली होती, नारळ घेतला होता.

निवृत्तीनंतर पंधरा दिवसांनी मी पलूसला गेलो. तिच्या घरी त्याआधी गेलो तेव्हा दारातूनच परतलो होतो. या वेळी आत बसलो. मेजर शेतात पाणी धरायला गेला होता. ती भिंतीला हात लावत आली, समोर बसली. प्रमाणपत्र आलं होतं. तिने जवळच्या पिशवीतून बरोबर तेच काढलं आणि माझ्याकडे धरलं. मी वाचलं. सगळ्यात खाली लिहिलं होतं, तात्पुरते, एका वर्षासाठी वैध, मुदतीनंतर फेरतपासणी आवश्यक.

"सायेब, बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. मुदतीचं मेजरला माहीत असणार आणि त्याने तिला सांगितलं नसणार, हे मला कळलं.

मी जे सांगायला आलो होतो ते मग सांगितलं. वर्षाला एक तपासणी असायची, ती काढून टाकली, काढणाऱ्यांत मी होतो. मला ती राहायला हवी होती, पण मी गप्प बसलो. वास आला होता आणि मी गेटवरून परत गेलो, हेही सांगितलं. क्षमा मागितली नाही. मागण्याची हिंमत झाली नाही.

ती ऐकत होती. चेहरा माझ्या थोडा डावीकडे वळलेला होता, जिथे मी असेन असं तिला वाटत होतं तिथे.

"किती येळ लागायचा त्या तपासणीला?" तिने विचारलं.

"अर्धा दिवस. मशीन बंद ठेवायला लागायचं."

"अर्दा दिस," ती म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. ती उठली, चुलीपाशी गेली, डबे चाचपून साखरेचा डबा शोधला आणि माझ्यासाठी चहा ठेवला. मी मदत करू का म्हणालो, तर नको म्हणाली. चहा गोड झाला होता, फार गोड. मी सगळा प्यायलो.

निघताना वाटेत मेजर भेटला, चिखलाने भरलेल्या पायांनी येत होता. स्टँडपर्यंत तो माझ्याबरोबर आला. प्रमाणपत्राची मुदत पुढच्या वैशाखात संपते, असं त्याने सांगितलं. नव्या अर्जाला पुन्हा तेच कागद लागतील का, हे मला विचारलं. मी विचारून कळवतो म्हणालो. एसटी आली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात फोन केला, तर माझ्या जागी आलेल्या निरीक्षकाने सांगितलं की हो, सगळे लागतील, मूळ प्रतींसह.